बर्ड्स नेस्ट फर्नच्या मधोमध पाणी ओतू नका, आणि पानामागच्या तपकिरी रेघा खरवडू पण नका

वाचकाचं पत्र: नमस्कार. गेल्या वर्षी हौसेने बर्ड्स नेस्ट फर्न आणलं, सुरुवातीला मस्त हिरवंगार होतं. आता बाहेरची पानं पिवळी पडतायत, काहींची टोकं करपल्यासारखी झालीयेत आणि मधोमध, जिथून नवीन पानं फुटतात तिथे काळपट तपकिरी दिसतंय. मी रोज सकाळी मधोमध थोडं पाणी घालते, कारण जंगलात पाऊस तिथेच पडतो असं वाचलं होतं. त्यात परवा पानांच्या मागे तपकिरी रेघा दिसल्या, कीड समजून एका पानावरच्या नखाने खरवडून काढल्या. जाऊबाई म्हणतात उन्हात ठेव, बहीण म्हणते मोठ्या कुंडीत लाव आणि भरपूर खत दे. मी काय करू? आणि झाड वाचलं तर त्याचे दोन भाग करून एक बहिणीला देता येईल का? ता.क. घरात मांजर आहे, ती अधूनमधून पानं चावते.

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी एकच काम करा, बाकीचं उत्तर नंतर सावकाश वाचलंत तरी चालेल. मधोमध पाणी घालणं आजपासून बंद. आत्ता तिथे पाणी साठलेलं असेल तर कुंडी हळूच तिरकी करून ते ओतून टाका, उरलेला ओलावा टिश्यूने किंवा कापसाने टिपून घ्या, पण नवीन पानांना बोट लावू नका.

आता ते काळपट तपकिरी नक्की काय आहे ते बघायला लागेल, कारण त्या जागी दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यातली एक अगदी नॉर्मल आहे. निरोगी बर्ड्स नेस्ट फर्नच्या मधोमध, पानांचे देठ जिथे एकत्र येतात तिथे, गडद तपकिरी बारीक खवल्यांचं लवेसारखं आवरण असतंच, वाढणाऱ्या कोंबाला जपायला. बरेच जण ते बघून घाबरतात आणि कुजलंय समजून ओरबाडून टाकतात, तसं अजिबात करू नका. झाड चांगल्या उजेडात नेऊन वाकून बघा. ते तपकिरी कोरडं, केसाळ असेल आणि त्यातून हिरवट गुंडाळलेले कोवळे कोंब डोकावत असतील तर मधला भाग ठीक आहे, काळजी सोडा. पण तिथे मऊ, चिकट, काळं असेल, जवळ गेल्यावर कुजका वास येत असेल, एखादं आतलं पान हलकं ओढलं की बुडापासून सुटून हातात येत असेल तर ती कूज आहे.

कूज असेल तर जे पान बुडाशी मऊ झालंय ते स्वच्छ ब्लेडने कापून काढा, ब्लेड आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा, आणि झाड हवा खेळती असेल अशा सावलीच्या जागी ठेवा, बंद कोपऱ्यात नको. मग कुंडीतून मुळांचा मातीसकट गड्डा अलगद बाहेर काढून मुळं बघा. इथे एक लक्षात ठेवा, या फर्नची मुळं मुळातच गडद तपकिरी, जवळजवळ काळी आणि बारीक केसाळ असतात, त्यामुळे बाकीच्या झाडांचा 'पांढरी मुळं म्हणजे चांगली' हा नियम इथे लागू होत नाही. रंग बघू नका, हाताने चाचपा. दाबल्यावर घट्ट लागली तर जिवंत आहेत, आणि चिरडून बोटाला चिखल लागला तर गेलेली आहेत, ती कात्रीने काढा आणि झाड ताज्या, भुसभुशीत मिश्रणात लावा.

खरं ते सांगते, या झाडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो पूर्ण कुजला तर नवीन पान यायला दुसरी जागा नसते, जुनी पानं काही महिने हिरवी राहतात आणि एकेक करत जातात. म्हणून मी मधल्या भागाबद्दल इतकी मागे लागलेय. तुमच्या वर्णनावरून बाहेरची पानं पिवळी आणि टोकं करपलेली एवढंच दिसतंय, आतली पानं गळतायत असं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मला चांगली आशा आहे. पुढचे काही आठवडे नवीन कोंब दिसतोय का तेवढं बघत राहा, आणि थंडीचे दिवस असतील तर अजून वेळ द्या कारण थंडीत हे फारच हळू वाढतं.

आता जंगलातल्या पावसाबद्दल. तुम्ही वाचलंत ते खरंच आहे, पण अर्धंच आहे. हे मुळात जमिनीवरचं झाड नव्हेच, म्हणजे खडकावर आणि कधी जमिनीवर पण सापडतं पण याचं खरं घर मोठ्या झाडांच्या फांद्यांवर आणि खोडांच्या बेचक्यांत. शास्त्रीय नाव अॅस्प्लेनियम निडस, लिनियसने १७५३ साली दिलेलं, आणि पूर्व आफ्रिकेपासून उष्ण आशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा भाग ते पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत याचा पसारा. झाडावर वाढतं म्हणून काही जण याला बांडगूळ समजतात, ते मात्र चूक आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं, हे फर्न फक्त बसायला जागा घेतं. स्वतःचं अन्न स्वतः करतं आणि मधोमध एकत्र येणाऱ्या पानांचं जे नरसाळं होतं त्यात वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा असं सगळं अडवून त्याचं खत करून घेतं. पानांच्या खाली मुळांचा आणि कुजलेल्या पाचोळ्याचा मिळून एक जाडजूड गोळा तयार होतो, तो स्पंजासारखं पाणी धरतो आणि जास्तीचं सोडून देतो. वय वाढेल तसा हा गोळा प्रचंड होत जातो. बोर्निओमधल्या डॅनम व्हॅलीच्या जंगलात फार्नन एलवूड आणि विल्यम फॉस्टर यांनी या फर्नवर काम केलं, ते २००४ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. त्यात मोठ्या फर्नचं ओलं वजन २०० किलोपर्यंत जातं असं दिलंय, आणि त्या गोळ्यांमध्ये इतके किडे-कीटक राहतात की त्या जंगलाच्या माथ्यावरच्या अशा जीवांचं एकूण वजन किती याचा आधीचा अंदाज जवळजवळ दुप्पट करायला लागला. एका फर्नच्या आत एवढी वस्ती असते हे वाचल्यापासून मी या झाडाकडे वेगळ्याच आदराने बघते.

तर मग जंगलात पाऊस थेट मधोमध पडतो आणि तरी कूज होत नाही, ती का? कारण तिथे नरसाळं भरड पाचोळ्याने भरलेलं असतं, त्यातून पाणी खाली झिरपतं, गोळ्याच्या चारी बाजूंनी हवा असते, वारा असतो, पाऊस थांबला की तासाभरात वरचा भाग सुकायला लागतो. घरात खोलीतली हवा स्थिर, उजेड कमी, खाली कुंडीचं प्लॅस्टिक, आणि रोज सकाळी ताजं पाणी त्याच जागेवर. म्हणजे ओलावा आहे पण वारा आणि निचरा नाही. या झाडाला ओलावा आणि हवा दोन्ही एकाच वेळी लागतं, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एकाच गोष्टीवरून निघतं.

आता बहिणीचा सल्ला, मोठी कुंडी आणि भरपूर खत. प्रेमाने सांगितलंय त्यांनी पण दोन्ही गोष्टी आत्ता करू नका. मुळांचा पसारा उथळ आणि छोटा असतो, झाड वर केवढंही दिसो, त्यामुळे मोठ्या कुंडीत मुळांच्या भोवती नुसतंच ओलं मिश्रण पडून राहतं जे प्यायला तिथे कोणी नसतं, आणि ते आंबतं. कुंडी बदलायचीच तर गड्ड्यापेक्षा दोन बोटं रुंद असली की झालं, आणि खोल कुंडीपेक्षा पसरट बरी. खाली भोकं हवीतच. शोभेच्या बिनभोकाच्या बाहेरच्या भांड्यात ठेवत असाल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने त्यात साठलेलं पाणी ओतून द्यायची सवय लावा. कुंडी साधारण दोन वर्षांनी, मुळं कुंडीच्या भिंतीला चिकटून बाहेर यायला लागली की बदलायची, तीही ऊब वाढायला लागते त्या सुमाराला.

मिश्रणात बागेतली माती नको, निदान एकटी तर नकोच, ती घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. मला आवडतं ते मिश्रण म्हणजे दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग ऑर्किडसाठी मिळतात तसले झाडाच्या सालीचे तुकडे, एक भाग परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे) आणि एखादी मूठ चाळलेलं पानांचं खत. कोकोपीट आधी भिजवून दोनदा तरी पाण्यातून धुऊन घ्या, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं आणि या फर्नला मीठ बिलकुल सोसत नाही. हातात घेऊन मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की लगेच फुटावा, इतपत भुसभुशीत हवं. लावताना मधला कोंब मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे, आधी जेवढा वर होता तेवढाच, तो गाडला गेला तर आत्ता टाळलेली कूज परत ओढवून घ्याल.

पाणी. रोज एवढं, दर दोन दिवसांनी एवढं असं मी सांगणार नाही, कारण ते हवेवर, कुंडीवर, उजेडावर ठरतं आणि ठरलेल्या दिवशी पाणी घालणाऱ्या घरातच ही झाडं जास्त मरतात. बोट मिश्रणात पहिल्या पेरापर्यंत घाला, वरचा थर जेमतेम ओलसर किंवा कोरडा लागला की पाणी द्या, ओला लागला तर थांबा. कुंडी उचलून बघायची सवय लागली तर अजूनच सोपं, हलकी लागली की तहान लागलीय समजायचं. पूर्ण कोरडी ठणठणीत मात्र होऊ देऊ नका, मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी सहज आत शिरत नाही, कडेने वाहून खालून निघून जातं आणि आपल्याला वाटतं भिजलं. तसं झालं तर कुंडी पंधरावीस मिनिटं पाण्याच्या टबात बसवून ठेवा, पाणी कुंडीच्या काठाच्या खाली राहील इतकंच घ्या, खालून ओढून घेऊ दे, मग उचलून निथळत ठेवा. एरवी पाणी द्यायचं ते पानं एका हाताने उचलून कुंडीच्या कडेकडेने, गोल फिरवत, खालून निघेपर्यंत.

आणि पाणी कसलं ते पण बघा. नळाचं पाणी जड असेल, नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढत असेल तर तोच क्षार कुंडीत साठत जातो, मिश्रणाच्या वर पांढरी किनार दिसायला लागते आणि पानांची टोकं करपतात. तुमच्या करपलेल्या टोकांमागे हे एक कारण असू शकतं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम, नाहीतर फिल्टरचं. ते शक्य नसेल तर महिन्यातून एकदा बेसिनमध्ये नेऊन भरपूर पाणी कडेने सोडायचं म्हणजे साठलेला क्षार वाहून जातो. फ्रिजचं गार पाणी नको, खोलीत राहिलेलं हवं.

जाऊबाईंच्या उन्हाबद्दल. थेट ऊन नको, विशेषतः दुपारचं, काचेतून आलेलं तर त्याहून नको. झाडाच्या माथ्यावरच्या फांद्यांच्या सावलीत वाढणारं पान आहे हे, पातळ असतं, एका दुपारीत पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ते परत कधी हिरवे होत नाहीत. पण त्यांचं म्हणणं पूर्ण टाकाऊ पण नाही हां, कारण सावलीचं झाड म्हणून लोक फर्न एकदम अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात आणि तिथे ते जगतं खरं पण वाढत नाही, पाणी पण पीत नाही, आणि न प्यायलेलं पाणी मुळांपाशी साठून राहतं. खूप वेळा पाणी जास्त झालं असं जे आपण म्हणतो त्याचं मूळ कारण उजेड कमी हे असतं. सोपी परीक्षा सांगते, दिवसा दिवा न लावता त्या जागी बसून तुम्हाला बारीक अक्षर आरामात वाचता आलं पाहिजे, आणि हात धरला तर सावली पडावी पण तिच्या कडा पुसट असाव्यात. पूर्वेच्या खिडकीपाशी, सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ लागतंय अशी जागा छान. खिडकीच नसेल तर साधा पांढरा एलईडी दिवा रोज दहाबारा तास लावून पण हे व्यवस्थित वाढतं. आणि एकाच बाजूने उजेड येत असेल तर अधूनमधून कुंडी थोडी फिरवत जा, नाहीतर सगळी पानं तिकडे कलतात.

तापमान १६ ते २७ अंशांच्या आसपास असेल तर खूश असतं, १० अंशांच्या खाली गेलं की त्रास सुरू. आपण स्वतः जिथे स्वेटर न घालता बसतो तिथे हे पण बसतं. जास्त त्रास होतो तो एसीच्या किंवा हीटरच्या थेट झोताचा, कारण ती हवा कोरडी असते. पानांची टोकं आणि कडा कुरकुरीत तपकिरी होणं हे बहुतेक वेळा कोरड्या हवेचं नाहीतर मघाशी सांगितलेल्या क्षाराचं लक्षण, आणि पान पिवळं पडून मऊ होणं हे जास्त पाण्याचं. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, म्हणजे मुळांशी पाणी जास्त आणि पानांना दमटपणा कमी अशी उलटी परिस्थिती असणार बहुतेक. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असली की पुरते. त्यासाठी स्प्रेच्या बाटलीने दिवसातून चारदा फुसफुस करण्याचा फारसा उपयोग होत नाही, ते पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि उरलेलं घरंगळत मधोमध जाऊन बसतं. त्यापेक्षा तीनचार झाडं एकत्र जवळजवळ ठेवा, किंवा उजेडाची सोय असलेल्या बाथरूममध्ये ठेवा, आणि हवा फारच कोरडी असेल तर छोटा ह्युमिडिफायर लावा.

खताचं थोडक्यात. हे झाड उडत्या पाचोळ्यावर जगणारं, त्याची भूक लहान आहे. कोंब ठीक होऊन नवीन पान नीट उलगडेपर्यंत काहीच देऊ नका. नंतर वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, कुठलंही संतुलित द्रवरूप खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या किंवा पाव ताकदीचं, आधी साधं पाणी घालून मग, कडेकडेने. थंडीत बंद. ताकदीचं खत दिलं की नवीन पानं वेडीवाकडी येतात आणि टोकं जळतात.

आता त्या रेघा, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतंय. ताई, ती कीड नाही, ते तुमच्या झाडाचे बीजाणू आहेत, म्हणजे ज्यांपासून नवीन फर्न उगवतं ते धुळीसारखे बारीक कण. फर्नला फूल नसतं, फळ नसतं, बी पण नसतं, त्याऐवजी पानाच्या मागच्या बाजूला बीजाणूंच्या पिशव्या तयार होतात. बर्ड्स नेस्ट फर्नमध्ये त्या मधल्या काळ्या-तपकिरी शिरेपासून कडेकडे तिरक्या जाणाऱ्या, एकमेकींना समांतर, एकसारख्या अंतरावरच्या बारीक रेघांमध्ये असतात, आणि बहुतेक वेळा कडेपर्यंत न पोचता अर्ध्या वाटेत थांबतात. पान जुनं, मोठं आणि पोसलेलं असेल तरच त्या येतात, म्हणजे त्या दिसणं ही चांगली बातमी आहे. तुम्ही ज्या पानावरच्या खरवडल्या त्या पानाला विशेष काही होणार नाही, फार तर ओरखडे राहतील.

खरी खवलेकीड कशी ओळखायची ते पण सांगते म्हणजे पुढे गोंधळ नको. खवलेकीड पानाच्या शिरेवर, देठावर, पुढे-मागे कुठेही, अशा विखुरलेल्या लंबगोल उंचवट्यांच्या रूपात दिसते, तिला शिस्त नसते, आणि नखाने ढकललं की अख्खा खवला टपकन निघतो. आजूबाजूला पान चिकट लागतं. बीजाणूंच्या रेघा शिस्तीत असतात आणि चोळल्यावर बोटाला कॉफीच्या पुडीसारखी कोरडी तपकिरी पूड लागते. पिठ्या ढेकूण म्हणजे पांढरे कापसाचे पुंजके, ते पानांच्या बुडाशी लपतात. दोन्हींवर उपाय एकच, कापूस साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवून हाताने पुसून काढायचे, आठवड्याने परत बघायचं, परत पुसायचे. फवारण्याच्या मागे लागू नका. फर्नची पानं औषधांना नाजूक असतात, तेलकट फवारे, अगदी नीम ऑइलसुद्धा, पान करपवू शकतात, करायचंच असेल तर एका पानावर लावून आठवडाभर थांबा. पानं चकचकीत करायचे स्प्रे मिळतात ते तर अजिबात नको, नुसत्या ओल्या मऊ फडक्याने धूळ पुसा, तेही मोठ्या पानांची. नवीन उलगडत असलेलं पान इतकं कोवळं असतं की बोटाच्या दाबाचा डाग पुढे ते पान असेपर्यंत राहतो. कुंडी बाहेर ठेवत असाल तर गोगलगायींवर लक्ष ठेवा, त्यांना हीच कोवळी पानं आवडतात.

एका गोष्टीची मात्र खरी धास्ती बाळगा. पानावर शिरांच्या मध्ये पट्ट्यापट्ट्याने तपकिरी-काळे डाग पडून ते वाढत गेले, म्हणजे डागाची कड शिरेवर एकदम सरळ थांबलेली दिसली, तर पानातले सूत्रकृमी, म्हणजे अगदी बारीक जंत, असू शकतात. ते ओल्या पानावरून पसरतात. तसं पान बुडापासून कापून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नाही, आणि पानांवर पाणी पडू देऊ नका, बाकीच्या झाडांपासून कुंडी लांब ठेवा. निम्म्याच्या वर पानांवर पसरलं तर झाड टाकून देणंच शहाणपणाचं. तुम्ही लिहिलेली लक्षणं याची नाहीत.

दोन भाग करायचा प्रश्न. एकच नरसाळं असेल, म्हणजे सगळी पानं एकाच मध्यातून निघत असतील, तर कापू नका, दोन्ही अर्धे मरतील. पण वरून नीट बघा, हल्ली विकायला येणारी रोपं बहुतेक टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यांपासून वाढवलेली) असतात आणि एका कुंडीत तीनचार छोटी रोपं एकत्र खोचलेली असतात, ती एकच झाड असल्यासारखी दिसतात. तुमच्याकडे असे दोनतीन वेगळे मध्य दिसले तर कुंडी बदलायच्या वेळी गड्डा पाण्यात बुडवून बोटांनी अलगद सोडवता येतात, प्रत्येकाला स्वतःची मुळं आहेत ना तेवढं बघायचं. अर्थात हे आत्ता नाही, झाड सावरल्यावर.

एकच मध्य असेल तर बीजाणूंचा रस्ता आहे, आणि वेळ असेल तर हा फारच सुंदर उद्योग आहे. रेघा गडद तपकिरी झालेल्या पानाचा हातभर नको, वीतभर तुकडा कापा, कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या जागी आठवडाभर ठेवा, तळाशी बारीक तपकिरी पूड जमते. प्लॅस्टिकचा पारदर्शक झाकणाचा डबा घ्या, त्यात बारीक कोकोपीट घालून उकळतं पाणी ओता म्हणजे त्यातले बुरशी-शेवाळाचे कण मरतात, गार झाल्यावर जास्तीचं पाणी काढून टाका, वर ती पूड अगदी विरळ भुरभुरवा, मिश्रणाने झाकू नका, आणि झाकण लावून उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. काही आठवड्यांनी पृष्ठभागावर हिरवी झाक येते, मग नखाहून लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे चपटे हिरवे तुकडे दिसायला लागतात. शेवाळ म्हणून हे फेकून देऊ नका! ही फर्नची मधली पिढी आहे, यांच्या पोटाशी नर आणि मादी पेशी तयार होतात आणि नर पेशीला मादीपर्यंत पोहून जायला पाण्याचा पातळ थर लागतो, म्हणून आत कायम दमट हवं, कोरडं वाटलं तर उकळून गार केलेलं पाणी स्प्रेने द्यायचं. फर्नच्या या दोन पिढ्यांचा हिशोब जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टरने १८५१ साली नीट मांडला, त्याच्या आधी कित्येक शतकं बिनबियांची ही झाडं वाढतात कशी हे माणसांना नीट उलगडत नव्हतं. आणि बंद डब्यात फर्न आपोआप बरं वाढतं हे लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांच्या साधारण १८२९ मध्ये लक्षात आलं, त्यांनी पतंगाचा कोष बाटलीत बंद करून ठेवला होता आणि आतल्या ओल्या मातीत फर्न उगवून आलं. पुढे त्यावरून काचेच्या पेट्या निघाल्या आणि जगभर जहाजांतून झाडं जिवंत न्यायला लागले.

त्या चपट्या हिरव्या तुकड्यांतून खरी छोटी पानं वर आली की दोन बोटांएवढी झाल्यावर वेगळी करायची, आणि झाकण एकदम न काढता रोज थोडं थोडं उघडत बाहेरच्या हवेची सवय लावायची. देण्याजोगं रोप व्हायला वर्ष सहज जातं, जास्तही. बहिणीला घाई नसेल तर त्यांनाच बीजाणूंचं पाकीट द्या, दोघींनी एकेक डबा लावा, एकीचा बुरशीने गेला तरी दुसरीचा राहतो.

बाहेरच्या पिवळ्या पानांचं राहिलं. सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी एकदोन पानं पिवळी होऊन वाळणं हे वयामुळे असतं, त्याची चिंता नको. एकदम चारपाच पडायला लागली तर मुळं तपासा. पूर्ण पिवळी झालेली पानं बुडापासून कापा, अर्धवट हिरवी असलेली राहू द्या कारण आत्ता झाडाला जेवढं हिरवं शिल्लक आहे तेवढं हवंय. टोकं तपकिरी झालेली खुपत असतील तर कात्रीने पानाच्या आकारात छाटा, पण हिरव्यात कापू नका, तपकिरीची बारीक कड शिल्लक ठेवा, नाहीतर कापलेल्या जागी परत करपतं.

मांजराला यापासून धोका नाही, हे फर्न मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी नाही. थोडी पानं जास्त खाल्ली तर एखादी उलटी होईल एवढंच. पण तिने वाढता कोंब चावला तर झाडाचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही, म्हणून निदान ते सावरेपर्यंत तिची उडी पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा किंवा टांगा. टांगलंत तर वर हवा गरम आणि कोरडी असते, पाणी लवकर संपतं, बोट घालून बघायला विसरू नका. आणि ज्या पानाला तुम्ही खत किंवा कुठलंही औषध लावलंय त्या पानापासून तिला लांबच ठेवा, त्रास झाडाचा नसला तरी त्या औषधाचा होऊ शकतो.